हिच्या कोंबड्या

४ फेब्रुवारी

आदरणीय ताईंस,

स. न. वि. वि.

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकला असाल. वाईट बातमी नाही. तुमची बहीण गेली त्यानंतर मी तुम्हाला एकदा फोन केला होता. त्यात आपण दोघांनी आलटूनपालटून हुंकार भरले आणि फोन ठेवून दिला. मला फोनवर जमत नाही. पत्रंही आजवर हीच लिहायची. शेवटी ‘ह्यांचा नमस्कार’ एवढी एक ओळ असायची, ती माझी. म्हणजे तीसुद्धा हीच लिहायची.

काम असं आहे, की हिच्या पाच कोंबड्या माझ्याकडे राहिल्यात. ही गेली तेव्हापासून त्या खुराड्यातच आहेत. दाणापाणी वेळेवर देतो, खुराडं झाडतो, कडी लावतो. वर घार फिरते, मागच्या गल्लीत भटकी कुत्री आहेत आणि मी दिवसभर पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर. बाहेर सोडलं आणि एखादी गेली तर काय घ्या! त्यापेक्षा आत बऱ्या, असं मी धरून चाललो.

पण आता त्या एकमेकींची पिसं उपटायला लागल्यात. सगळ्यात धाकटी, जिला ही नकटी म्हणायची (कोंबडीला नाक कुठलं, पण म्हणायची), तिची पाठ पार उघडी पडलीय. मी तिला जाड कापडाचं जाकीट शिवलं. पाठीवर अस्तर, पंखांखालून दोन नाड्या. माप घेताना टोचून टोचून हात लाल केला तिनं. इतकं खोडसाळ गिऱ्हाईक आयुष्यात मिळालं नव्हतं. जाकीट बसलं मात्र झकास. आता बाकीच्या चौघी जाकीट उपटतात.

कोपऱ्यावरचा कोंबडीवाला सगळ्या न्यायला तयार आहे. महिनाअखेरीला येतो म्हणालाय. मी त्याला अजून हो म्हटलेलं नाही. लहानपणी तुम्हा दोघींकडे कोंबड्या होत्या, म्हणून विचारतो, काय करावं?

प्रकृतीला जपावं. ह्या खेपेचा नमस्कार माझा मी लिहितोय.

आपला,
मास्तर

—

१२ फेब्रुवारी

श्री. मास्तर यांस,

सप्रेम न. वि. वि.

तुमचं पत्र जिन्याखालच्या पेटीत पडलं होतं. हल्ली त्या पेटीत विजेचं बिल आणि दुकानांची पत्रकं सोडून काही पडत नाही. चिमीची पत्रं बंद झाल्यापासून मी रोज उघडतही नव्हते. तुमचं पत्र तिथंच उभ्यानं वाचलं, मग वर येऊन बसून वाचलं. जाकिटाच्या जागी मोठ्यानं हसले. घरात हसण्याचा आवाज आला की हल्ली मीच वळून बघते, कोण आलं म्हणून.

आता ऐका. हॉस्पिटलात सगळा वॉर्ड धाकात ठेवलेली बाई सांगतेय. त्या कोंबडीवाल्याला नाही म्हणा. चिमीनं हातानं वाढवलेलं आणि अजून धडधाकट असलेलं असं आता फार थोडं उरलंय. पाच कोंबड्या आणि एक तुम्ही. तुम्हाला न्यायला कुणी तयार होईल असं वाटत नाही, म्हणून निदान त्यांना तरी राहू द्या.

त्या भांडत नाहीयेत, मास्तर, कंटाळल्यात. कोंबडीला उकरायला माती मिळाली नाही की ती शेजारणीला उकरते. महिनोन्‌महिने खाटेवर पडलेले पेशंट तेच करायचे. पहिल्यांदा सोडायचं ते सकाळी नाही, उन्हं उतरल्यावर. अंधार पडायला तासभर असताना. त्या दिवशी दुपारचा दाणा द्यायचा नाही. भुकेल्या असल्या की डबा वाजवल्यावर येतात, आणि अंधार पडला की कोंबडी आपल्या पायांनी घरी जाते. माणसांना हे शिकवावं लागतं. घारीसाठी परसात आडोसे करा. एखादी फळी विटांवर ठेवा, जुनं टेबल असेल तर ते मांडा. सावली पडली रे पडली की त्या धावत खाली शिरतील. तुम्ही स्टूल घेऊन बाहेर बसा. माणूस बसलेला असला की घारही दोनदा विचार करते. आणि भिंतीवरून उडू नये म्हणून एका पंखाची टोकाची लांब पिसं कातरून टाका. नखं कापल्यासारखंच असतं, दुखत नाही. एकाच पंखाची, म्हणजे उडताना तोल जातो.

कसं झालं ते कळवा. झालं नाही तरी कळवा.

लोभ आहे असं आपण धरून चालतो. निदान कोंबड्यांपुरता खरा असू द्या.

तुमची,
ताई

—

२३ फेब्रुवारी

आदरणीय ताईंस,

स. न. वि. वि.

कोंबडीवाल्याला थांब म्हणालो. नाही म्हणालो नाही, थांब म्हणालो.

पंखाचं सांगतो आधी. माझी कात्री धारेची, काम फक्कड झालं. हेडबाईचा (ती सगळ्यांत जाडी, छाती काढून चालते ती) उजवा पंख कातरला आणि तिला खाली ठेवलं. एक बाजू आखूड, एक लांब. बघवेना. इतकी वर्षं दोन बाह्या सारख्या करण्यात गेली, ताई. मी तिला परत उचललं आणि डावाही उजव्याबरोबर केला. मग पाचही जणींचे दोन्ही पंख, टेप लावून, अगदी बरोबर. तुम्ही लिहिलेलं ‘एकाच’ मी वाचलं होतं. पण हात ऐकेना.

व्हायचं तेच झालं. दोन्हीकडे सारखं, त्यामुळे तोल उत्तम. सोडल्या-सोडल्या हेडबाई फडफडत भिंतीवर. तिथून माझ्याकडे बघत बसली. मी खालून डबा वाजवतोय, शेजारच्या बाई खिडकीतून विचारताहेत की काही पाडायचंय का. शेवटी बाकीच्या चौघींना दाणे टिपताना बघून तिला राहवलं नाही, तेव्हा उतरली.

पण नंतरचा तासभर, काय सांगू! त्या मातीत लोळल्या. खड्डा करून त्यात अंग घासत होत्या, डोळे मिटून. मला वाटलं झटका आला. मग कळलं की अंघोळ आहे. मी स्टुलावर बसलो होतो. ही रोज त्या वेळी परसात काय करते, असा मला कधी प्रश्न पडला नव्हता. अंधारायला लागलं तशा एकेक करत आत गेल्या, मी कडी लावली आणि मग घरात शिरलो. घरात मात्र काही करण्यासारखं नव्हतं.

पिसं उपटणं कमी झालंय. नकटी सगळ्यांत आनंदात असते.

लोभ असू द्यावा, चोची नसाव्यात.

आपला,
मास्तर

—

५ मार्च

ताई,

नकटी गेली.

घार नाही, कुत्रं नाही. तीन दिवस खात नव्हती, मान वाकडी करून उभी राहायची. जनावरांच्या डॉक्टरकडे टोपलीतून नेलं. त्यांनी तोंड उघडून बघितलं, जिभेखाली दोरा अडकलेला होता आणि दोऱ्याच्या टोकाला आत कुठेतरी सुई. दोरा तिला अळी वाटला असणार. डॉक्टर म्हणाले, असल्या गोष्टी परसात येतात कुठून.

माझ्याच दुकानातून येतात. रोजचा केर मी मागच्या दारातून टाकतो, नेहमीच टाकत आलो. हिच्या वेळी असं कधी झालं नाही. माझ्याच्यानं हे होणार नाही, ताई. कोंबडीवाल्याला शनिवारी ये म्हणून सांगणार आहे. तुम्ही रागवाल, रागवा.

मास्तर

—

९ मार्च

श्री. मास्तर यांस,

स. न. वि. वि.

हे पत्र शनिवारच्या आत पोचावं म्हणून टपाल कचेरीत स्वतः जाऊन टाकतेय. गुडघ्यांनी वाटेत शिव्या दिल्या, पण गेले.

मी रागावले नाहीये. एक गोष्ट मला आधीच सुचायला हवी होती. मी तुमच्याकडे राहायला आले होते त्या वर्षी चिमी रोज चहानंतर तुमच्या टेबलावरचं लोहचुंबक उचलायची. ते सुतळीला बांधायची आणि परसभर फिरवायची, देव्हाऱ्यापुढे काहीतरी करावं अशा गंभीर तोंडानं. टाचण्या, सुया, हुक, सगळं त्याला चिकटून यायचं. मग दोऱ्यांचे तुकडे हातानं वेचायची. मग खुराडं उघडायची. तुम्ही पुढून ओरडायचात, की माझं चुंबक कुठं गेलं. ती मला डोळा मारायची.

तुम्हाला तिनं का सांगितलं नाही, ते मला ठाऊक नाही. सांगण्यासारखं वाटलं नसेल. संसारातलं निम्मं काम न सांगताच झालेलं असतं, आणि ते करणारं माणूस गेलं की ते राहिलेलं दिसतं. मी निवृत्त झाले त्यानंतर वॉर्डात म्हणे आठवडाभर कुणालाच कळेना, की रात्रीच्या बाटल्या उकळायला कोण ठेवायचं.

तेव्हा चुंबक घ्या, सुतळी बांधा. दुकानाचा केर पुढच्या डब्यात टाका, मागं नाही. शनिवारी त्या माणसाला चहा पाजा आणि रिकाम्या हातानं परत पाठवा. चौघी उरल्यात. चौघी माझं काहीतरी देणं लागतात असं समजा. मला आता तुमच्या परसातल्या बातम्यांची सवय लागलीय. मंगळवारी मी सकाळपासून दिवे लागेपर्यंत एक शब्द बोलले नाही. संध्याकाळी दूधवाल्याला पिशवी परत देताना आवाज फुटेना. खाकरावं लागलं.

माया पातळ होऊ देऊ नये.

तुमची,
ताई

—

२७ मार्च

आदरणीय ताईंस,

स. न. वि. वि.

कोंबडीवाला आला होता. चहा प्यायला आणि गेला. अजून अधूनमधून दुकानावरून जाताना भुवया उडवतो.

पहिल्या दिवशी चुंबकाला मूठभर माल लागला. गंजलेला, कितीतरी जुना. म्हणजे हिच्याही हातून थोडं सुटत होतं. ते बघून मला बरं वाटलं की वाईट, ते सांगता येणार नाही.

पण कालची गोष्ट वेगळी आहे. हिचं खुराडं परसाच्या टोकाला, झुडपाजवळ. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसावं म्हणून, कारण ही तिथं असायची. मी असतो पुढच्या खोलीत. तेव्हा म्हटलं, खुराडंच आपल्याकडे आणावं, म्हणजे शिवता शिवता नजर राहील. दुपारी हमाल बोलावून ते उचललं आणि घराच्या कडेला, माझ्या मशीनसमोरच्या खिडकीखाली आणून ठेवलं. जागा कोरडी, वारा नाही. माझ्या मते पहिल्यापेक्षा शंभर पटीनं चांगली. चौघींना नेहमीच्या वेळी सोडलं.

अंधारायला लागलं, तरी एकही आली नाही. डबा वाजवला, तरी नाही. मी कंदील घेऊन मागं गेलो. खुराडं जिथं होतं तिथं जमिनीवर नुसता चौकोन उरलाय, गवत न उगवलेला. त्या चौकोनात चौघी एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. वर छप्पर नाही, बाजूला भिंत नाही, आणि त्या अशा बसल्या होत्या जणू सगळं जागच्या जागी आहे. दाराच्या जागेकडे तोंड करून.

मी रागावलो त्यांच्यावर. म्हटलं, अक्कल आहे का, इथं काही राहिलेलं नाही, तिकडं एवढं छान घर करून ठेवलंय. हेडबाईनं एक डोळा उघडला आणि मिटला. मग मीही शेजारी मातीत बसलो. किती वेळ ते बघितलं नाही. नंतर एकेकीला उचलून नव्या जागी नेलं. उचलताना एकीनंही टोचलं नाही, फक्त अंग थोडं थरथरत होतं.

खुराडं परत मागं ठेवू का? रोज असं उचलून न्यायचं का? काय ते लिहा. लवकर लिहा.

लोभाची गरज आहे.

आपला,
मास्तर

—

२ एप्रिल

श्री. मास्तर यांस,

सप्रेम न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि खिडकी पुसत बसले. खिडकी स्वच्छच होती.

खुराडं आता हलवू नका. कोंबडीला घर कळत नाही, जागा कळते. त्यांना आठ-दहा दिवस नव्या जागी आतच ठेवा, अजिबात सोडू नका. सकाळ तिथं होऊ दे, संध्याकाळ तिथं होऊ दे, अंडी तिथं घालू देत. मग एका संध्याकाळी थोडाच वेळ सोडा, आणि जुन्या चौकोनावर एखादी टोपली नाहीतर कुंड्या ठेवा, म्हणजे बसायला तिथं मोकळी जागा सापडणार नाही. तुम्ही मात्र त्या टोपलीपाशी बसू नका हं. तुम्ही नव्या जागी बसा. कुणीतरी बसलेलं दिसलं की त्यांना ती जागा वस्तीची वाटते.

आणि अक्कल काढू नका त्यांची. निवृत्त झाल्यावर एका सकाळी मी अंघोळ करून, केस बांधून, बसमध्ये चढले आणि थेट हॉस्पिटलच्या फाटकाशी उतरले. पहारेकरी नवा होता. त्यानं विचारलं, कुणाला भेटायचंय. मला नाव सुचेना. मग मी म्हटलं, चुकून उतरले. परतीच्या बसला बराच वेळ होता, तोवर तिथंच बाकावर बसले. छान वाटलं, खोटं कशाला बोलू. हे चिमीलाही लिहिलं नव्हतं.

पिसं परत उपटतील आत कोंडल्यावर, तेव्हा कोबीचा गड्डा दोरीनं टांगून द्या. उड्या मारून टोचत बसतात, वेळ जातो. तुम्हाला जमलं तर स्वतःसाठीही एक टांगून घ्या.

लोभाची गरज लिहिलीत. इकडे साठा पडून आहे, खपत नाही.

तुमची,
ताई

—

२६ एप्रिल

आदरणीय ताईंस,

स. न. वि. वि.

आपण सांगितल्याप्रमाणे सर्व केलं. दहा दिवस बंद ठेवल्या, मग थोडा थोडा वेळ सोडल्या. पहिल्या दोन संध्याकाळी दोघी जुन्या जागी जाऊन कुंड्यांभोवती फिरून आल्या. तिसऱ्या दिवसापासून चौघीही अंधार पडायच्या आत नव्या जागी आपल्या आपण जातात. पिसं पुन्हा आली आहेत. एक पंख वाढू दिला, एक कातरलेला ठेवला. आता बघायची सवय झाली. घार आली तर टेबलाखाली शिरतात. चुंबक रोज फिरवतो, हल्ली त्याला काही लागत नाही. कोंबडीवाल्याला कायमचं नाही म्हणून सांगितलं.

एकंदरीत कोंबड्यांचं मार्गी लागलं. विचारण्यासारखं आता काही उरलं नाही. आपल्याला एवढे दिवस त्रास दिला, आपण प्रत्येक वेळी तत्परतेनं उत्तर दिलंत, त्याबद्दल आभारी आहे. यापुढे त्रास देणार नाही.

आजवर धरलात तसा लोभ धरावा.

आपला,
मास्तर

—

४ मे

श्री. मास्तर यांस,

स. न. वि. वि.

पत्र पोचलं. चौघी सुखरूप आहेत, ह्याहून चांगली बातमी कोणती. तुम्ही हुशार विद्यार्थी निघालात. पंखाचं सोडून.

खरं सांगू? पुढं तुम्ही काय विचाराल, त्याची मी तयारी करून ठेवली होती. अंगावर उवा झाल्या तर राख आणि कोरडी माती. खुडूक बसली, म्हणजे अंड्यांवरून उठेना, तर पोटाला गार लागेल असं ठेवायचं. अंड्याचं कवच पातळ झालं तर शिंपल्यांचा चुरा. बाजारातल्या एका पाळणाऱ्याला गाठून मुद्दाम विचारूनही आले होते. त्याला वाटलं, माझ्याकडे शंभर तरी कोंबड्या असतील. मी नाही म्हटलं नाही.

ते सगळं इथंच लिहून टाकलं, म्हणजे पुन्हा विचारायची वेळ यायला नको. अडलं तर लिहा. न अडलं तर उत्तमच. पेटी मी तशीही बघतेच, बिलं येतात ना.

लोभ कमी झाला तर समजून घेईन.

तुमची,
ताई

—

१० मे

प्रिय ताईंस,

स. न. वि. वि.

ह्या पत्रात कोंबड्या नाहीत. त्या बऱ्या आहेत, एवढंच. विचारायचं काही नाही, कळवायचंही विशेष नाही.

तुमचं पत्र आलं ते मी कापडाच्या ठाणावर ठेवून दिवसभर शिवत होतो. मला कामाशिवाय पत्र लिहिता येत नाही. कामाशिवाय मी कुणाच्या दारातही कधी गेलो नाही. गेलोच तर हातात दुरुस्त केलेला कपडा असायचा. काय लिहितात अशा पत्रात? ही काय लिहायची तुम्हाला, पानंच्या पानं? मी समोर शिवत असायचो आणि ही लिहीत असायची, आणि दिवसभरात तर काहीच झालेलं नसायचं.

तेव्हा मीही तसंच लिहून बघतो. आज सकाळी एका गिऱ्हाइकानं कोटाची बटणं बदलून मागितली. जुनी चांगली होती, पण त्याला कंटाळा आला होता त्यांचा. दुपारी पाव भाजला तो करपला, खाल्ला. सुईत दोरा ओवायला मला हल्ली फार वेळ लागतो. पूर्वी ही सकाळीच पुष्कळ सुया ओवून सुयांच्या छोट्या गादीला टोचून ठेवायची. आता एकेक ओवतो. खिडकीशी उभा राहून, जीभ बाहेर काढून. आज एक पहिल्याच झटक्यात ओवली गेली, आणि सांगायला मान वळवली. खोलीत कुणी नव्हतं. तेव्हा ठरवलं, की तुम्हाला लिहावं.

सुई पहिल्या झटक्यात ओवली, ताई.

तुम्ही आज काय केलंत? तुमच्या खिडकीतून काय दिसतं, ते मला ठाऊक नाही. इतकी वर्षं पाकिटावर पत्ता बघतोय, पण घर डोळ्यांसमोर येत नाही. ते लिहा. मंगळवारी कुणाशी बोलला नाहीत तर बुधवारी ते मला लिहा. काहीच झालं नाही तर काहीच झालं नाही म्हणून लिहा. पत्र आलं म्हणजे माझंही तसंच होतं, आधी उभ्यानं वाचतो आणि मग बसून.

लोभ असावा. कारण काही नसलं तरी असावा.

हे पत्र सहज.

आपला,
मास्तर